दव आणि दुर्बीण : उल्हास खोऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

दुर्बिणीचा इतिहास सामान्यतः भिंगांचा व आरशांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. गॅलिलिओची नळी, न्यूटनचा आरसा, हर्शेलच्या प्रचंड दुर्बिणी आणि विसाव्या शतकातील पर्वतशिखरांवरील वेधशाळा ह्या क्रमाने तो पाठ्यपुस्तकांत येतो. भिंगाच्या पुढे जी हवा असते, आणि त्या हवेत जे बाष्प असते, त्याचा उल्लेख ह्या इतिहासात क्वचितच आढळतो. परंतु समुद्रकाठच्या प्रदेशात रात्री आकाशाचे वेध घेणाऱ्याला भिंगाच्या शक्तीपेक्षा भिंगावर जमणाऱ्या दवाचीच चिंता अधिक वाटते. मध्यरात्रीच्या सुमारास तारे मंद होऊ लागतात, मग त्यांच्याभोवती धूसर वलये दिसतात, आणि अखेरीस दृष्टिक्षेत्रात केवळ एक फिकट उजेड उरतो. यंत्र निर्दोष असते, आकाशही निरभ्र असते. वेध मात्र थांबलेला असतो.

हा प्रश्न उल्हास नदीच्या खोऱ्यात विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर, कल्याण आणि ठाकुर्ली ही मध्य रेल्वेवरील स्थानके ह्याच खोऱ्यात आहेत. एका बाजूस सह्याद्री व माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूस खाडी व समुद्र, आणि मध्ये भातखाचरांची सखल जमीन अशी ह्या प्रदेशाची रचना आहे. पावसाळा संपल्यावर जमिनीत ओल टिकून असते, खाडीवरून दमट हवा येत राहते, आणि वारा पडलेल्या रात्री डोंगरउतारावरची थंड हवा खोऱ्यात उतरून साचते. त्यामुळे कार्तिकापासून माघापर्यंत येथे दव विपुल असते. शेतकऱ्याला त्याची तक्रार नाही. भात कापल्यानंतर त्याच खाचरात केलेले वालाचे पीक जमिनीतील ओलीवर व दवावर पोसते असे तो मानतो. हरभऱ्याच्या झाडांवरून पहाटे फडके फिरवून आंब गोळा करण्याची रीतही दवावरच अवलंबून आहे. ज्या दहिवराचे कुणब्याने स्वागत करावे, तेच ज्योतिर्विदाला विघ्न वाटते.

मराठीत ‘दव पडते’ असा प्रयोग रूढ आहे, आणि ह्या प्रयोगात दवाविषयीची एक जुनी उपपत्ती दडलेली आहे. पाऊस पडतो, गारा पडतात, तसेच दवही वरून पडते अशी ही कल्पना होय. ती केवळ महाराष्ट्रातील नव्हे. युरोपातही अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दव वरून उतरते की जमिनीतून वर चढते ह्याविषयी विद्वानांत वाद चालू होता. हा वाद वरवर पाहता निव्वळ पदार्थविज्ञानाचा वाटतो, परंतु दुर्बिणीच्या दृष्टीने त्याचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. दव पडत असेल तर डोक्यावर आच्छादन हा उपाय. दव जमिनीतून चढत असेल तर यंत्र उंचावर ठेवणे हा उपाय. आणि दव ह्या दोहोंपैकी काहीच करीत नसेल, तर उपायही निराळाच शोधला पाहिजे. कारणाविषयीची कल्पना चुकली की उपायही अंदाजानेच होतात, आणि ते का साधतात किंवा का फसतात हे कळत नाही.

ह्या वादाचा निर्णय विल्यम चार्ल्स वेल्स ह्या लंडनमधील वैद्याने केला. त्याचा दवावरील निबंध १८१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याबद्दल रॉयल सोसायटीने त्याला रम्फर्ड पदक दिले. वेल्सची साधने अगदी साधी होती. दहा ग्रेन वजनाचे लोकरीचे पुंजके तो रात्री उघड्यावर ठेवी आणि पुन्हा वजन करून त्यांनी किती पाणी शोषले ते पाही. लाकडी फळी खांबांवर आडवी ठेवून तिच्या वरच्या व खालच्या बाजूंस त्याने असे पुंजके लावले. एका रात्रीत वरच्या पुंजक्याचे वजन १४ ग्रेन वाढले, खालच्याचे केवळ ४ ग्रेन. दव वरून पडते असे मानणाऱ्याला हा प्रयोग आपल्याच बाजूचा वाटला असता.

म्हणून वेल्सने दुसरा प्रयोग केला. भाजलेल्या मातीची दोन्ही बाजूंनी उघडी अशी, अडीच फूट उंच व एक फूट व्यासाची नळी त्याने हिरवळीवर उभी ठेवली आणि लोकरीचा पुंजका तिच्या तळाशी ठेवला. रात्र निवांत होती. दव पावसाप्रमाणे सरळ खाली पडत असते तर नळीच्या तळाशी आणि बाहेर ते सारखेच पडावयास हवे होते. प्रत्यक्षात बाहेरच्या पुंजक्याने १६ ग्रेन पाणी घेतले आणि नळीतल्या पुंजक्याने अवघे २ ग्रेन. नळीने काहीही झाकले नव्हते. तळाशी असलेल्या पुंजक्याला दिसणारे आकाश मात्र तिने कमी केले होते.

ह्यावरून वेल्सचा सिद्धान्त स्पष्ट होतो. पृथ्वीवरील प्रत्येक वस्तू रात्री आपली उष्णता प्रारणाच्या रूपाने आकाशाकडे टाकीत असते. आकाश निरभ्र असेल तर तिला परत फार थोडी उष्णता मिळते, आणि ती भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. तिचे तापमान हवेच्या दवबिंदू तापमानाखाली, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्प संपृक्त होते त्याखाली गेले, की तिच्या पृष्ठभागावर पाणी जमते. म्हणजे वस्तू आधी थंड होते आणि त्यामुळे तिच्यावर दव येते. दवामुळे ती थंड होत नाही. ढग असले तर ते उष्णता परत पाठवितात, वारा असला तर हवा वस्तूला पुन्हा ऊब देते. म्हणून ढगाळ वा वाऱ्याच्या रात्री दव नसते.

ह्याच निबंधात वेल्सने हिंदुस्थानातील एका प्रघाताचाही खुलासा केला. गंगेच्या मैदानात हवेचे तापमान गोठणबिंदूच्या वर असतानाही उथळ खड्ड्यांत पेंढ्यावर मातीची पसरट भांडी ठेवून रात्रीतून बर्फ तयार करीत. सर रॉबर्ट बार्कर ह्याने १७७५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे ह्या पद्धतीचे वर्णन केले होते, आणि बाष्पीभवनाने पाणी गोठते असे त्या वेळी समजले जात असे. वेल्सने दाखविले की येथेही मुख्य कारण निरभ्र आकाशाकडे होणारे प्रारण हेच होय. ज्या क्रियेने अलाहाबादेस बर्फ जमे, तीच क्रिया दुर्बिणीच्या भिंगावर दव आणते.

दुर्बिणीच्या दृष्टीने वेल्सच्या सिद्धान्तातून एक कठोर निष्कर्ष निघतो. निरभ्र आकाश आणि पडलेला वारा ह्या दवाच्या दोन अटी आहेत, आणि चांगल्या वेधाच्याही ह्याच दोन अटी आहेत. विल्यम हर्शेलला ह्याचा अनुभव वेल्सच्या आधीच आला होता. थेम्स नदीकाठच्या डॅचेट ह्या दमट गावी तो १७८२ ते १७८५ पर्यंत राहिला व तेथे त्याने रात्रीच्या रात्री वेध घेतले. पुढे नोव्हेंबर १८०२ मधील बुधाच्या अधिक्रमणावर लिहिताना त्याने नोंदविले की बाष्पाने भरलेल्या हवेत, दुर्बिणीच्या नळीवरून पाणी ओघळत असतानाही, आकाशस्थ वस्तू उत्तम दिसतात. दमट व निवांत हवा प्रतिमेला स्थिर ठेवते आणि काचेला ओली करते. ज्योतिर्विदाला जी रात्र हवी, तीच रात्र दवालाही हवी असते. म्हणून दव टाळण्यासाठी कोरडी रात्र शोधणे हा समुद्रकाठच्या निरीक्षकापुढे खरा पर्यायच नव्हे.

ओलाव्याचा उपद्रव एका रात्रीपुरताही नव्हता. हर्शेलच्या काळातील आरसे तांबे व कथील ह्यांच्या मिश्रधातूचे असत. दमट हवेत त्यांची झिलई लवकर जाई आणि त्यांना पुन्हा घासून त्यांचा आकार नव्याने साधावा लागे. जॉन हर्शेल १८३४ ते १८३८ ह्या काळात आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी वेध घेण्यास गेला, तेव्हा त्याने एका दुर्बिणीसाठी तीन आरसे बरोबर नेले होते. १८५६-५७ च्या सुमारास काचेवर चांदीचा लेप देण्याची पद्धत आली आणि पुन्हा घासण्याचे कष्ट वाचले, परंतु चांदीही दमट हवेत काळवंडते. १९३० नंतर ॲल्युमिनियमचा लेप रूढ झाला, तेव्हाच आरशांना टिकाऊपणा आला.

पश्चिम हिंदुस्थानात दुर्बीण प्रथम किनाऱ्यावरच आली. जेरेमाया शेकर्ली ह्या इंग्रजाने १६५१ मध्ये सुरत येथून बुधाचे अधिक्रमण पाहिले. हिंदुस्थानात दुर्बिणीने घेतलेल्या पहिल्या ज्ञात वेधांत त्याची गणना होते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये मुंबईत कुलाबा येथे वेधशाळा उभारली ती खगोलीय वेध व जहाजांसाठी कालगणना ह्या हेतूने. तिच्याशी मराठी विद्वानांचा जवळचा संबंध आला. बाळशास्त्री जांभेकर ह्यांच्याकडे काही काळ तिची व्यवस्था होती आणि केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनी तरुणपणी तेथेच नोकरी केली. परंतु कुलाब्यास खगोलीय वेधांची परंपरा रुजली नाही. १८४१ पासून आर्थर ऑर्लेबार ह्यांच्या देखरेखीखाली भूचुंबकत्व व हवामान ह्यांच्या नोंदी सुरू झाल्या आणि वेधशाळेची कीर्ती त्या नोंदींवर उभी राहिली. ह्याचे कारण एकटे दव असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. वेधशाळेच्या मालकांच्या गरजा, यंत्रे आणि माणसे ह्यांचाही त्यात भाग होता. तथापि चुंबकसूची व वायुभारमापक ही यंत्रे घरात बसून काम करतात आणि दुर्बिणीला उघड्या आकाशाकडे तोंड करावे लागते, हा भेद समुद्रकाठी दुर्लक्षिण्याजोगा नव्हता.

त्यानंतरची दिशा घाटावरची आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला ह्यांना १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी ह्यांच्याकडून पाच हजार रुपयांची देणगी मिळाली व सरकारनेही तिला जोड दिली. त्यातून उभी राहिलेली वेधशाळा मुंबईत न होता पुण्यास झाली. १८८८ मध्ये ती कार्यान्वित झाली आणि तेथे वीस इंच व्यासाची ग्रब कंपनीची परावर्ती दुर्बीण बसविण्यात आली. नायगमवालांनी २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेधही सोलापूरकडील जेऊर येथून घेतले. ते निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद झाली व तिची यंत्रे कोडईकनाल येथे गेली. कोडईकनालची वेधशाळाही मद्रासच्या किनाऱ्यावरील जुन्या वेधशाळेचेच काम १८९९ पासून डोंगरावर पुढे नेत होती. आयुका संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ मध्ये जुन्नरजवळील गिरवली येथे उभी राहिली, तीही सह्याद्रीच्या माथ्यावर. ह्या स्थलांतरांना ढगांचे प्रमाण, धूर, उंची, शहराचा उजेड अशी अनेक कारणे होती; बाष्प हे त्यांतील एक. संस्थांनी दमट हवेचा प्रश्न बव्हंशी सोडविला तो किनारा सोडून.

दोन ठिकाणच्या हवेतील भेद एका उदाहरणाने स्पष्ट होईल. हवेचे तापमान २० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर दवबिंदू तापमान सुमारे ९ अंश असते. भिंग ११ अंशांनी थंड होईपर्यंत त्यावर दव येणार नाही, आणि सामान्यतः ते इतके थंड होतच नाही. त्याच तापमानास आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे १८·३ अंशांवर येतो. आता भिंग दोन अंशांनी थंड झाले तरी पुरे. निरभ्र आकाशाखाली उघडे भिंग तेवढे थंड सहज होते. देशावरील कोरड्या भागात जो अपवाद, तो उल्हास खोऱ्यात नियम होतो.

संस्था घाट चढून गेल्या, परंतु हौशी निरीक्षक आपल्या गावीच राहिला. पुण्यात १९४४ मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. मुंबईच्या बाजूस हॅलेच्या धूमकेतूच्या १९८६ मधील पुनरागमनाच्या सुमारास खगोल मंडळासारख्या संस्था उदयास आल्या, आणि शहराच्या उजेडापासून दूर म्हणून त्यांचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम वांगणीसारख्या ठिकाणी होऊ लागले. ठाकुर्लीच्या निरीक्षकापुढील पेच येथे लक्षात येतो. ठाकुर्लीतील इमारतीच्या गच्चीवर दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री ऊब देत राहते. भोवतीच्या उंच इमारती आकाशाचा काही भाग झाकतात. गवत व ओली माती जवळ नसते. म्हणून तेथे दव तुलनेने उशिरा व कमी येते. हिरवळीपेक्षा खडीच्या वाटेवर दव कमी असते असे वेल्सनेही पाहिले होते. परंतु गच्चीवर उजेडामुळे मंद तारे दिसत नाहीत. ते दिसावेत म्हणून निरीक्षक गाडीने वांगणीच्या माळावर जातो, तेव्हा काळोखाबरोबरच गवत, उघडे आकाश आणि खोऱ्यात साचलेली थंड हवाही त्याला स्वीकारावी लागते. काळोख आणि दव एकाच ठिकाणी भेटतात.

ह्या निरीक्षकाच्या हाती असलेल्या उपायांत सर्वांत जुना उपाय भिंगापुढे नळी लावण्याचा. तिला ‘ड्यू कॅप’ असे म्हणतात, आणि टी. डब्ल्यू. वेब ह्याच्या हौशी निरीक्षकांसाठी लिहिलेल्या १८५९ च्या प्रसिद्ध ग्रंथापासून तिची शिफारस होत आली आहे. दव वरून पडते असे मानणाऱ्यालाही ही नळी उपयुक्तच वाटावी, परंतु तिचे खरे कार्य वेल्सच्या मातीच्या नळीत आधीच दिसले होते. भूमितीने ते मोजताही येते. नळीची लांबी भिंगाच्या व्यासाच्या दीडपट असेल तर भिंगाच्या मध्यातून आकाशाकडे थेट जाणारे प्रारण उघड्या भिंगाच्या एकदशांशावर येते. लांबी दुप्पट केली तर सुमारे सतराव्या भागावर. उरलेले प्रारण नळीच्या भिंतीकडे जाते. मात्र ती भिंतही रात्रभर थंड होत राहते, म्हणून पातळ पत्र्याची उघडी नळी दमट प्रदेशात मध्यरात्रीनंतर अपुरी पडते. तिला आतून काळे नमदे किंवा तत्सम उष्णतारोधक अस्तर लावणे हितावह ठरते.

दुसरा उपाय ऊब देण्याचा. त्यासाठी किती उष्णता लागते ह्याचा हिशेब केला तर ती आश्चर्यकारकरीत्या थोडी आहे असे आढळते. दमट निरभ्र रात्री उघड्या काचेचा निव्वळ प्रारणक्षय दर चौरस मीटरला साधारण ६० ते ८० वॉट धरता येतो. वीस सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाचे क्षेत्रफळ चौरस मीटरच्या बत्तिसाव्या भागाइतके. म्हणजे क्षय अवघा दोन-अडीच वॉटचा. भिंगाच्या कडेभोवती रोधक तारेची पट्टी गुंडाळून साध्या बॅटरीवर एवढी ऊब रात्रभर देता येते, आणि नळी जोडली तर त्याहूनही कमी पुरते. ऊब जास्त झाल्यास मात्र भिंगापुढे गरम हवेचे प्रवाह उठून प्रतिमा थरथरते. भिंग हवेच्या दवबिंदूच्या किंचित वर ठेवणे एवढेच साधावयाचे असते. ते तापविणे हा उद्देश नव्हे.

यंत्राची रचनाही येथे विचारात घ्यावी लागते. भिंगाच्या दुर्बिणीत काच पुढेच असते. ज्या दुर्बिणींत आरशापुढे पातळ काचेचे शोधक पटल असते त्या आटोपशीर असल्या तरी त्यांचे ते पटल दवाला सर्वाधिक बळी पडते. न्यूटनच्या पद्धतीच्या दुर्बिणीत मुख्य आरसा नळीच्या तळाशी असतो, म्हणजे वेल्सच्या पुंजक्याप्रमाणे आपोआप संरक्षित असतो. शिवाय झिलईदार धातू प्रारण फार कमी टाकतो, हेही वेल्सला ठाऊक होते. तेथे तोंडाजवळचा लहान तिरपा आरसा तेवढा सांभाळावा लागतो. हाताने आरसा घासून तयार केलेली न्यूटन दुर्बीण हौशी मंडळींत लोकप्रिय झाली ती मुख्यतः खर्चाच्या दृष्टीने, परंतु कोकणच्या हवेलाही ती अनुरूप ठरली.

भिंग पुसणे हा मात्र उपाय नव्हे. पुसल्याने थंडपणा जात नाही, म्हणून काही क्षणांत दव पुन्हा येते, आणि दवात मिसळलेली धूळ काचेवर ओरखडे पाडते. ओली दुर्बीण तशीच पेटीत बंद केल्यास भिंगावर बुरशी चढते व ती काचेवरील लेप कायमचा बिघडविते. यंत्र आधी उबदार कोरड्या हवेत वाळू द्यावे आणि पेटीत बाष्पशोषक ठेवावा, एवढी शिस्त दमट प्रदेशात अपरिहार्य आहे.

ह्या साऱ्याला केवळ सोयीचा प्रश्न मानणे बरोबर नाही. दवाचा पहिला थर डोळ्याला दिसत नाही. तो जमत असताना तारा हळूहळू मंद होतो, आणि रूपविकारी ताऱ्याची तेजस्विता नोंदविणाऱ्या निरीक्षकाला हा बदल ताऱ्याचाच वाटण्याचा संभव असतो. म्हणून तुलनेचा तारा त्याच क्षेत्रातला घेणे आणि दर काही मिनिटांनी भिंग पाहणे आवश्यक ठरते. दुसरा दोष अधिक व्यापक आहे. दव रात्रीच्या उत्तरार्धात वाढते, म्हणून उपाय नसलेला निरीक्षक मध्यरात्रीच यंत्र आवरतो. पहाटेचे ग्रह, पूर्वेकडे उगवणारे धूमकेतू आणि मध्यरात्रीनंतर घडणारी पिधाने त्याच्या नोंदवहीत येतच नाहीत. अशा नोंदींवरून पुढे कोणी अनुमान काढले तर त्या अनुमानात आकाशाबरोबर उल्हास खोऱ्याचे हवामानही नकळत मिसळलेले असेल.

ठाकुर्लीच्या संदर्भात एक गोष्ट शेवटी नमूद करण्याजोगी आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घाटातील मार्गांच्या विद्युतीकरणासाठी १९२९ च्या सुमारास येथे कोळशावर चालणारे वीजकेंद्र उभारले. ते आता बंद पडले आहे. त्या केंद्रात पाण्याने थंड ठेवलेल्या नळ्यांवर वाफेचे पुन्हा पाणी करून घेतले जात असे. पृष्ठभाग थंड राखणे हेच तेथील कौशल्य होते. त्याच गावातील निरीक्षकाला नेमके उलट कौशल्य साधावे लागते. बाष्प, थंड पृष्ठभाग आणि त्यावर जमणारे पाणी हा नियम दोन्हीकडे एकच आहे. वेल्सने दोन शतकांपूर्वी तो मातीच्या नळीने व लोकरीच्या पुंजक्याने सिद्ध केला. मोठ्या वेधशाळांना किनारा सोडून जाणे परवडले. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी एक नळी, दोन-अडीच वॉटची ऊब आणि दव पडत नसते, काच थंड होत असते, ही जाणीव पुरेशी आहे.